जुन्या खेळांसाठी पिक्चर ट्यूबचा टीव्ही कसा सांभाळावा

निन्टेन्डोचा ‘फॅमिली कॉम्प्युटर’ १९८३ साली जपानमध्ये विक्रीस आला. आपल्याकडे नव्वदच्या दशकात ज्यांना सरसकट ‘टीव्ही गेम’ म्हटले जाई आणि ज्यांच्या कॅसेटी फुंकर मारून खाचेत बसवल्या जात, ते खेळ बहुतांशी याच यंत्राच्या नकलांवर चालत. ही यंत्रे बनवणाऱ्यांनी समोर पिक्चर ट्यूबचाच टीव्ही असणार हे गृहीत धरले होते, त्यामुळे चित्रांची आखणी, रंगांची मिसळ आणि हाताच्या हालचालीला मिळणारा प्रतिसाद हे सारे त्या ट्यूबच्या स्वभावावर बेतलेले आहे. बदके मारण्याच्या खेळातली बंदूक हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण होय. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो, लगेच लक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीतला प्रकाशसंवेदक तो चौकोन नेमक्या त्याच क्षणी शोधतो. सपाट एलसीडी पडदा चित्र काही मिलिसेकंद उशिरा दाखवतो आणि त्याचा प्रकाश ट्यूबसारखा ओळीओळीने लुकलुकत नाही, म्हणून त्यावर ही बंदूक कितीही नेम धरला तरी आंधळीच राहते.

जुने खेळ जुन्या पद्धतीने खेळायचे तर असा टीव्ही हवा, आणि आता नव्या ट्यूबची आशा धरण्यात अर्थ नसल्यामुळे हाती आहे तो टिकवायला हवा. अनेकांचा समज असा की जास्त खेळल्याने टीव्ही झिजतो. माझ्या अनुभवात मात्र खेळून बिघडलेल्या संचांपेक्षा माळ्यावर दमटपणात पडून राहिलेले, कॉन्ट्रास्ट पूर्ण चढवून ठेवलेले, टेम्पोत आडवेतिडवे नेलेले किंवा उत्साहाच्या भरात उघडले गेलेले संच अधिक आहेत.

संच निवडताना

पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोर बाजारात किंवा ओळखीच्या घरातल्या माळ्यावर असे संच अजून मिळतात. विकणारा ‘चालू आहे’ म्हणाला तरी तो समोर लावून किमान अर्धा तास पाहावा, कारण ट्यूबचे खरे दुखणे पहिल्या दोन मिनिटांत आणि तापल्यानंतरच कळते. चित्र यायला बराच वेळ लागत असेल, सुरुवातीला ते लालसर किंवा हिरवट येऊन हळूहळू सावरत असेल, किंवा पांढऱ्या जागा चंदेरी चकाकी धरून कडांना पसरत असतील, तर ट्यूबचे कॅथोड, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणारे भाग, थकले आहेत असे समजावे. मेकॅनिकच्या भाषेत ‘ट्यूब वीक झाली’. जादा विद्युतदाब देऊन अशी ट्यूब काही काळ उजळवता येते, पण तो उपाय कधी कधी ट्यूबच संपवतो, म्हणून आधीच थकलेला संच स्वस्तात मिळाला तरी सोडून द्यावा.

दुसरी गोष्ट भारतीय बाजारापुरती विशेष महत्त्वाची आहे. अनेक जुन्या संचांत मूळ सर्किट जळाल्यावर मेकॅनिकने सर्वत्र मिळणारे ‘चायना किट’ बसवलेले असते. घरी बातम्या पाहायला ते पुरेसे असले तरी मूळ कंपनीने त्या ट्यूबसाठी जुळवलेली मापे त्यात नसतात, त्यामुळे चित्राच्या कडा वाकड्या दिसतात आणि त्या सरळ करण्याची सोयही तोकडी असते. रिमोट मूळचा नसेल, मेनूची अक्षरे कंपनीच्या नावाशी विसंगत दिसत असतील, तर हा बदल झालेला असण्याचा संभव मोठा.

आकाराचा मोह टाळावा. २१ इंची संच दोन माणसे सहज उचलतात आणि जुन्या खेळांना तो पुरतो. २९ इंची संच ४० किलोंच्या पुढे जातो, आणि एकदा तिसऱ्या मजल्यावर चढवला की तो तिथलाच होतो. शेवटच्या काळात आलेले ‘१०० हर्ट्झ’चे, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा चित्र उमटवणारे, आणि हाय डेफिनिशन ट्यूबचे संच महाग होते, तरी या कामासाठी ते गैरसोयीचे आहेत, कारण ते आलेले चित्र आधी डिजिटल करून त्यावर प्रक्रिया करतात आणि त्यात नेमका तोच विलंब शिरतो जो टाळण्यासाठी आपण ट्यूबकडे वळलो. साधा ५० हर्ट्झचा संच बरा. सोनीची ट्रिनिट्रॉन ट्यूब १९६८ साली आली. तिच्यात छिद्रांच्या पत्र्याऐवजी उभ्या तारांची जाळी असते आणि त्या तारांना आधार देणाऱ्या आडव्या तारांच्या एक किंवा दोन पुसट रेघा पांढऱ्या पडद्यावर दिसतात. तो दोष नव्हे, म्हणून त्या घालवण्याच्या नादी लागू नये.

जागा, हवा आणि वीज

आपल्या घरांत टीव्हीवर क्रोशाचा रुमाल, त्यावर फुलदाणी आणि कडेला गणपतीची मूर्ती अशी जुनी रीत होती. दिसायला ती सुरेख असली तरी रुमालाने वरच्या झडपा झाकल्या जातात, आतली उष्णता कोंडते आणि फुलदाणी कलंडली तर पाणी थेट सर्किटवर जाते. संचाच्या मागे आणि दोन्ही बाजूंना किमान दहा सेंटीमीटर जागा मोकळी ठेवावी, आणि पावसाळ्यात ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीला तो टेकवू नये. स्पीकर, मिक्सर, फ्रीज यांसारख्या चुंबक किंवा मोटार असलेल्या वस्तू दूर असाव्यात.

दमट हवा हा कोकणपट्टी आणि मुंबईतला ट्यूबचा मोठा शत्रू आहे. ट्यूबच्या मागील बाजूस रबरी टोपीखालून सुमारे २५ हजार व्होल्टचा दाब पोचवला जातो, आणि टोपीभोवतीच्या धुळीत ओल साचली की तो दाब वाट काढतो. त्या वेळी चर्र किंवा टक् असा आवाज येतो, ओझोनचा उग्र वास येतो आणि चित्र क्षणभर आकसते. असे झाल्यास संच लगेच बंद करून मुख्य प्लग काढावा, खोली कोरडी होऊ द्यावी आणि मेकॅनिकला टोपी व काच साफ करायला सांगावे. तसाच रेटून चालवला तर ज्याला मेकॅनिक ‘ईएचटी’ म्हणतात तो ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि जुन्या मॉडेलचा ईएचटी शोधत मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दुकानोदुकानी फिरावे लागते. याला साधा प्रतिबंध म्हणजे पावसाळ्याचे चार महिने संच आठवड्यातून दोन वेळा अर्धा-पाऊण तास चालवणे, कारण त्याची स्वतःचीच ऊब आतली ओल घालवते.

भारतात विकलेल्या बऱ्याच संचांचा वीजपुरवठा ९० ते २७० व्होल्टपर्यंतचा चढउतार सोसेल असा बनवलेला होता, त्यामुळे प्रत्येक संचाला स्टॅबिलायझर लागतोच असे नाही. मागच्या पट्टीवर काय छापले आहे ते पाहून ठरवावे. विजा चमकू लागल्या की मात्र प्लग आणि केबल किंवा अँटेनाची वायर, दोन्ही काढून ठेवावीत; नुसते बटण बंद करून भागत नाही.

उंदीर, झुरळे आणि पाली यांची दखल परदेशी माहितीत फारशी सापडत नाही, पण आपल्याकडे ती घ्यायलाच हवी. उबेसाठी आत शिरलेली पाल सर्किटवर चिकटून शॉर्ट करते आणि झुरळांची घाण पट्ट्यांमध्ये ओल धरते. झडपांमधून आत कीटकनाशक फवारण्याचा विचारही करू नये. संच असलेली खोली स्वच्छ ठेवणे आणि वापरात नसताना संच सुती चादरीने झाकणे हाच उपाय. चादर घालण्यापूर्वी मात्र संच पूर्ण थंड झालेला असावा.

काच आणि रंगांचे डाग

पडद्यावर धूळ फार लवकर बसते, कारण काचेवर स्थितिक विद्युतभार साठतो. संच बंद करून थोडा वेळ जाऊ द्यावा, मऊ सुती फडके कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळावे आणि त्याने पुसून लगेच कोरड्या फडक्याने टिपून घ्यावे. पाणी किंवा कोणताही द्रव थेट पडद्यावर फवारू नये, कारण तो कडेवरून ओघळून आत जातो. काही संचांच्या काचेवर चकाकी कमी करणारा पातळ थर असतो, आणि अमोनियायुक्त काच-क्लीनरने तो कायमचा उतरतो, म्हणून असे द्रव टाळावेत.

कोपऱ्यात जांभळट किंवा हिरवट डाग दिसला की लोक ट्यूब गेली असे समजतात. बहुतेक वेळा तसे नसते. पडद्यामागचा छिद्रांचा धातूचा पत्रा किंवा तारांची जाळी चुंबकित झाल्याने इलेक्ट्रॉन शलाका चुकीच्या रंगाच्या ठिपक्यावर पडतात एवढेच, आणि रंगीत संचात हे दुरुस्त करणारी तारेची वेटोळी ट्यूबभोवती बसवलेलीच असते. मुख्य बटण सुरू करताच येणारा ‘डोंग’ असा घुमणारा आवाज तिचाच. या वेटोळीच्या मार्गात तापल्यावर प्रवाह रोखणारा एक घटक असतो, आणि तो थंड झाल्याशिवाय वेटोळी पुन्हा काम करत नाही. पुष्कळ लोक संच केवळ रिमोटने बंद करतात, आणि कित्येक संचांत त्यामुळे ही क्रिया वर्षानुवर्षे घडतच नाही. म्हणून डाग दिसल्यास संच मुख्य बटणाने बंद करावा, अर्धा तास थांबावे, मग मुख्य बटणानेच सुरू करावा आणि हे तीन-चार वेळा करावे.

एवढ्यानेही डाग राहिला तर मेकॅनिककडची हातातली डिगॉसिंग कॉइल, म्हणजे चुंबकत्व घालवणारी तारेची वेटोळी, वापरावी लागते. ती पडद्यापासून दूर असतानाच सुरू करायची, पडद्यासमोर गोल फिरवत जवळ आणायची आणि मग तशीच गोल फिरवत सावकाश दोन मीटर मागे नेऊन तिथेच बंद करायची. पडद्याजवळ असताना ती बंद केली तर डाग दुप्पट होतो. घरातले लोहचुंबक फिरवून पाहण्याचा प्रयोग कोणी करू नये. मी लहानपणी केला होता आणि त्याची शिक्षा चित्रातल्या सर्व चेहऱ्यांना महिनाभर भोगावी लागली.

चित्राची मांडणी

जोडणीचा क्रम असा लक्षात ठेवावा की अँटेनाच्या खाचेतून येणारे चित्र सर्वांत धूसर, पिवळ्या पिनेचे कॉम्पोझिट त्याहून बरे, एस-व्हिडिओ त्याहून स्वच्छ आणि तीन पिनांचे कॉम्पोनंट किंवा आरजीबी सर्वांत स्पष्ट असते. युरोपात सर्रास असलेली स्कार्टची खाच आपल्याकडच्या संचांत क्वचितच आढळते. मात्र स्पष्टतेचा फार हव्यास धरू नये, कारण अनेक खेळांतल्या चित्रकारांनी कॉम्पोझिटच्या पसरटपणाचा उपयोग रंग मिसळण्यासाठी केला होता, आणि धबधब्यासाठी काढलेल्या उभ्या रेघा अतिस्पष्ट चित्रात नुसत्या रेघाच दिसतात.

भारतात पॅल पद्धत असून तिच्यात ६२५ ओळी आणि सेकंदाला ५० वेळा चित्र असे प्रमाण आहे. जपान आणि अमेरिकेतून आलेल्या यंत्रांची एनटीएससी पद्धत ५२५ ओळींची आणि जवळपास ६० वेळांची आहे. संच एनटीएससी ओळखत नसेल तर चित्र रंगहीन येते किंवा वर-खाली घसरत राहते; तो यंत्राचा बिघाड नव्हे. नव्वदच्या उत्तरार्धापासूनचे बरेच संच दोन्ही पद्धती ओळखतात, तरी यंत्र विकत घेण्याआधी मेनूत ‘सिस्टिम’ किंवा ‘कलर सिस्टिम’ या नोंदीखाली एनटीएससी आहे का ते पाहावे.

टीव्ही दुकानात उजळ दिसावा म्हणून कारखान्यातूनच कॉन्ट्रास्ट फार चढवलेला असे, आणि तो तसाच ठेवणे ही ट्यूबचे आयुष्य घटवणारी सर्वांत सामान्य चूक आहे. चाचणीची चित्रे दाखवणारा ‘२४०पी टेस्ट सूट’ हा विनामूल्य प्रोग्रॅम अनेक जुन्या यंत्रांवर चालतो. त्यातल्या काळ्या पट्ट्या पाहून ब्राइटनेस इतका खाली आणावा की सर्वांत गडद पट्टी काळ्यात जेमतेम विरून जावी. मग पांढरा चौकोन दाखवून कॉन्ट्रास्ट इतका कमी करावा की चौकोन आला असता भोवतालचे चित्र फुगू नये. शार्पनेस जवळजवळ शून्यावर आणावा, कारण तो तपशील वाढवत नाही, अक्षरांभोवती पांढऱ्या सावल्या तेवढ्या काढतो. गुणफलक आणि खेळातली उरलेली ताकद दाखवणाऱ्या पट्ट्या पडद्याच्या एकाच जागी तासन्तास राहतात, म्हणून खेळ थांबवून जेवायला बसताना पडदा चालू ठेवू नये. असा ठसा एकदा फॉस्फरवर, म्हणजे काचेच्या आतल्या चमकणाऱ्या लेपावर, उमटला की तो पुसता येत नाही.

कडा वाकड्या असतील, चित्र एका बाजूला सरकले असेल, तर नव्वदच्या उत्तरार्धानंतरच्या संचांत दुरुस्तीचा गुप्त मेनू असतो, आणि रिमोटच्या विशिष्ट बटणांनी तो उघडतो. कोणताही आकडा बदलण्यापूर्वी त्या मेनूच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढावा, एका वेळी एकच आकडा बदलावा आणि ज्याचा अर्थ कळत नाही त्याला हात लावू नये. पुष्कळ संच ५० आणि ६० हर्ट्झची मापे वेगवेगळी साठवतात, म्हणून एका यंत्रावर जुळवलेले चित्र दुसऱ्यावर बिघडलेले दिसले तर गोंधळू नये. दोन्ही वेगवेगळी जुळवावी लागतात.

मागचे झाकण

ज्याने पूर्वी हे काम शिकलेले नाही त्याने मागचे झाकण उघडू नये, हे मी सौम्य शब्दांत सांगू इच्छित नाही. प्लग काढल्यानंतरही ट्यूब स्वतःच मोठ्या कपॅसिटरसारखा विजेचा भार धरून ठेवते. वीजपुरवठ्यातल्या मुख्य कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट उरलेले असू शकतात, आणि कित्येक संचांत सर्किटचा एक भाग थेट घरातल्या विजेला जोडलेला असतो. ट्यूबची मागची मान म्हणजे पातळ काचेची नाजूक नळी आहे. तिला धक्का लागला तर आत हवा शिरते आणि ट्यूब जागीच संपते.

काय करायचे आहे हे समजले तर मेकॅनिकशी नीट बोलता येते, म्हणून थोडे आतले सांगतो. तो ट्यूबचा भार उतरवताना ट्यूबच्या काळ्या लेपावरून जाणाऱ्या उघड्या तारेला जोडलेला, मुठीला उत्तम इन्सुलेशन असलेला पेचकस टोपीखाली घालतो आणि थोड्या वेळाने तीच क्रिया पुन्हा करतो, कारण उतरलेला भार अंशतः परत येतो. ती तार सोडून पेचकस सर्किटवरच्या कुठल्याही अर्थिंगला जोडणारा मेकॅनिक सर्किटमधल्या आयसी, म्हणजे चिप, धोक्यात घालतो. धूळ काढण्यासाठी मऊ ब्रश आणि कमी जोराचा ब्लोअर पुरतो. ट्यूबच्या मानेवरच्या चकत्या रंगाच्या थेंबाने पक्क्या केलेल्या असतात. त्यांनी तिन्ही रंग एकावर एक आणलेले असतात, त्या चुकूनही फिरू देऊ नयेत.

दहा-पंधरा वर्षे वापरलेल्या संचात दोन गोष्टी हमखास तपासून घ्याव्यात. ईएचटी, चित्र आडवे पसरवणारा हॉरिझॉन्टल ट्रान्झिस्टर आणि उभे पसरवणारा व्हर्टिकल आयसी यांच्या पायांजवळचे सोल्डर तापून-थंड होऊन तडकते. संच थोपटल्यावर चित्र ठीक होत असेल तर कारण बहुधा हेच. दुसरे म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीजवळचे (हीटसिंकजवळचे) इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, जे उष्णतेने सुकतात. चित्राचा वरचा भाग दुमडलेला दिसणे किंवा उंची कमी होणे ही त्याची खूण. बदलताना १०५ अंश सेल्सियसचे, तितक्याच मायक्रोफॅरडचे आणि तितक्याच किंवा थोड्या जास्त व्होल्टचे कपॅसिटर घालायला सांगावे. हॉरिझॉन्टल ट्रान्झिस्टरलगतचे उच्च दाबाचे कपॅसिटर मात्र नेमक्या मूळ मापाचेच हवेत, कारण तिथे मूल्य चुकले तर ट्यूबचा दाब मर्यादेबाहेर चढतो आणि त्याबरोबर क्ष-किरणही वाढतात.

चित्र अचानक नाहीसे होऊन पडद्याच्या मध्यभागी एकच तेजस्वी आडवी रेघ उरली, तर संच त्या क्षणी बंद करावा. सारा प्रकाश एका रेघेत गोळा झालेला असतो आणि मिनिटाभरात तो फॉस्फरवर कायमची जखम करतो. दुरुस्ती मात्र बहुधा साधी असते.

साठवण आणि ने-आण

वर्षानुवर्षे बंद असलेला संच थेट प्लगला लावू नये. जुने मेकॅनिक अशा वेळी १०० ते २०० वॅटचा साधा बल्ब सिरीजमध्ये जोडतात. आत शॉर्ट असेल तर बल्ब झगझगीत पेटून राहतो आणि संच वाचतो. सर्व ठीक असेल तर तो सुरुवातीला पेटून मंद होतो. जोडणी उघड्या तारांची असल्यामुळे हेही जाणकाराकडूनच करून घ्यावे. एलईडी किंवा सीएफएल बल्ब याला चालत नाही, आणि फिलामेंटचे बल्ब आता दुकानात सहज मिळत नसल्याने एखादा जपून ठेवणे शहाणपणाचे.

उचलताना पडदा स्वतःच्या छातीकडे असावा, कारण वजनाचा मोठा भाग समोरच्या जाड काचेत असतो आणि मागच्या पोकळ डब्याला धरून उचलणारा माणूस पुढे तोल जाऊन पडतो. मोटारीत नेताना मागच्या आसनावर ठेवून पडदा पाठीच्या गादीकडे करावा. टेम्पोत नेताना जाड गादीवर पडदा खाली करून ठेवावा आणि संचाच्या मागच्या भागावर काहीही रचू नये. नव्या जागी आल्यावर संचाची दिशा बदललेली असल्याने पृथ्वीच्या चुंबकत्वामुळे थोडे रंग सरकलेले दिसतात; वर सांगितल्याप्रमाणे मुख्य बटणाने दोन-तीनदा सुरू केल्यावर ते बहुधा जागेवर येतात. थंड गाडीतून दमट घरात आणलेला संच सुरू करण्यापूर्वी काही तास तसाच राहू द्यावा, म्हणजे काचेवर आणि सर्किटवर धरलेले दव उडून जाईल.

ट्यूब खरोखरच संपली तरी संच लगेच भंगारवाल्याला देऊ नये. ईएचटी, सर्किट, योक (ट्यूबच्या मानेवरची तारेची गुंडाळी) आणि मूळ रिमोट हे त्याच मॉडेलच्या दुसऱ्या संचाला जीवदान देतात, म्हणून ते मेकॅनिककडून काढून, मॉडेलचा क्रमांक चिकटवून कोरड्या डब्यात ठेवावेत. उरलेली ट्यूब मात्र घरी फोडू नये आणि कचऱ्यात टाकू नये, कारण तिच्या काचेत शिसे असते आणि आत निर्वात पोकळी असल्याने ती आतल्या बाजूला फुटून तुकडे उडतात. ती ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्रातच पोचवावी.